खापरपणजोबांची डुलकी

आडनाव डुलके आणि धंदा बस चालवण्याचा! ड्रायव्हरबाईंचं नाव कळलं की प्रवासी जीव मुठीत धरून बसत. आता बाईंनी स्वतःची बस घेतली होती, तिच्यावर मालकाचं नाव रंगवायचं होतं आणि त्याआधी हे आडनाव बदलायचंच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ते ऐकून वडिलांना जेवण गेलं नाही.

"खापरपणजोबांपासून आलंय हे नाव. ते मडक्यांच्या भट्टीवर होते म्हणे. एकदा जाऊन तर बघू, मग काय ते कर," ते म्हणाले.

"झोपाच काढत असणार. दुसरं काय!"

पण बाप हटून बसला. दोघं विचारत विचारत त्या भट्टीपाशी पोचले. भट्टीची मालकीण, म्हातारी कुंभारीण, आडनाव ऐकताच खुदकन हसली. बाईंचा चेहरा पडला.

"या, तुमची जागा दाखवते."

भट्टीच्या मागच्या भिंतीत विटा झिजून पाठीएवढा खळगा पडला होता.

"इथं टेकून घोरायचे ते. माझे आजेसासरे सांगायचे. आच जरा कमीजास्त झाली की पाठीला कळायचं. टुणकन उठायचे, लाकडं सारायचे, पुन्हा झोपायला मोकळे! मडकं कधी कच्चं राहिलं नाही. लोक आधी विचारायचे, 'भट्टीवर डुलके आहेत ना?' आणि मगच घ्यायचे."

वडील लेकीकडे बघायला लागले. "तूसुद्धा लांबच्या फेरीला जोडीदाराच्या हाती गाडी देऊन घोरतेस. आणि गाडीचा आवाज बदलला की..."

"बाबा, पुरे."

पण आठवायचं ते आठवलंच. मागे एका उतारावर त्या अशाच झोपेतून ताडकन उठल्या होत्या, गाडी बाजूला घ्यायला लावली होती आणि बघतात तर ब्रेक निकामी व्हायला आलेला. गाडीभर माणसं वाचली. बाई आजवर त्याला नशीब म्हणत होत्या.

त्यांनी खळग्यात पाठ टेकवली. भट्टी पेटलेली होती, विटा उबदार होत्या. कधी न पाहिलेल्या त्या माणसाबद्दल एवढी माया दाटून आली की डोळे भरले, आणि भरलेले डोळे बघता बघता मिटलेही. वडील आणि कुंभारीण गप्पा मारत बसले.

"आजी, आच उतरली!" बाई एकदम उठून बसल्या.

कुंभारणीने वाकून पाहिलं आणि लगबगीने लाकडं सारली.

दुसऱ्या दिवशी पेंटरने ब्रश बुडवत विचारलं, "बाई, 'डुलके' केवढं काढू?"

"समोरच्याची झोप उडेल एवढं!"