सगळ्या घराचा फोन

मी हैबतीच्या घरचा मोबाइल बोलतोय. डोंगरावरच्या कुडपण गावात, पडवीतल्या खिळ्याला लटकून. घरात रेंज काय ती इथेच येते, म्हणून माझं सगळं आयुष्य असं टांगलेलं.

जन्मलो कारखान्यात, वाढलो मुंबईत. हैबतीच्या मुलानं, विनीतनं, मला मोठ्या हौसेनं घेतलं. काच तडकली तसा नवा फोन आला आणि मला गावी धाडलं. जुनंपानं सगळं गावी, ही मुंबईकरांची रीतच! मी कशाला तोंड वाकडं करू?

इथे फोन एकट्याचा नसतो. वाजला की हैबती हिरवं बटण दाबणार, लगोलग स्पीकर लावणार. मग बायको बनुबाई, सून अक्षदा, तांदूळ निवडायला आलेली शेजारची चंद्राबाई, सगळ्यांनी ऐकायचं. कुणी कानाला लावून हळू बोललं की लगेच, "काय गो, लपवतेस काय?"

अक्षदा म्हणजे विनीतची बायको. तिचं बाळ जन्मताच गेलं. घर रडलं आणि पुन्हा कामाला लागलं. ती मात्र जेवायचं विसरायची, चुलीपुढे नुसती बसून राहायची. पोलादपूरहून एका संस्थेच्या माधुरी मॅडम यायच्या, मनाच्या दुखण्यावर बोलायला. सारखं डोंगर चढून येणं जमेना, म्हणून त्यांनी माझ्यात एक ॲप घातलं. आज कसं वाटतंय ते त्यात बोलून ठेवायचं. अक्षदा मला गोठ्यात नेऊन बोलायची. परत खिळ्याला लावलं की रेंज धरून तिचा आवाज मॅडमकडे जायचा. दुपारी सगळे शेतावर असताना त्यांचा फोन यायचा.

खोटं कशाला बोलू, मला त्याचा भारी तोरा होता. जन्मभर बाजारभाव आणि भांडणं ऐकलेला मी. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याजवळ मनातलं बोलत होतं. हळूहळू ती जेवू लागली. एकदा तर म्हशीवर खेकसली, तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मग एके दिवशी गोठ्यात ती म्हणाली, "मॅडम, विहिरीवर गेलं का परत यावंसंच वाटत नाय." मला टांगलं आणि भांडी घासायला गेली.

ते मॅडमनी ऐकलं मात्र, वेळ न बघता त्यांनी फोन लावला. घर भरलेलं. हैबतीनं स्पीकर लावला आणि हाक मारली, "अक्षदे, ये गो, तुजा फोन हाय." ती ओल्या हातांनी धावत आली, "हॅलो" म्हणाली. एकटी आहेस का, हे मॅडम नेहमी आधी विचारायच्या. आजही विचारलं असेल, पण ते वाक्य रेंजनं खाल्लं. पुढचं मात्र खणखणीत आलं.

"...बाळ गेलं यात तुझा काही दोष नाही, अक्षदा. मरावंसं वाटलं की आधी मला सांगायचं, ठरलंय ना आपलं?"

चंद्राबाईच्या हातातलं सूप थांबलं. अक्षदा लाल बटण दाबत होती, पण ओली बोटं काचेवरून नुसती घसरत होती. बनुबाईनं तिचा ओला हात धरला. "आमी काय कमी केलं गो तुला? परक्या बाईला सांगतेस?" रागावली नव्हती हो ती, रडत होती.

संध्याकाळी विनीतला फोन. तोही स्पीकरवर! "बाबा, ते ॲप डिलीट करा पहिलं. फालतू टेन्शन देतात डोक्याला." आणि ते काढायला लावलं कुणाला? अक्षदालाच. कसला हा न्याय!

आता तिला विहिरीवर एकटी सोडत नाहीत, गोठ्यातही नाही. माया आहे, कोण नाही म्हणतो? पण मनात काय चाललंय ते कुणी विचारत नाही. माधुरी मॅडम दोनदा डोंगर चढून आल्या. जरा बाहेर जाऊन बोलू म्हणाल्या, तर बनुबाई सोबत उठली. अक्षदानं चहा दिला आणि म्हणाली, "बरं हाय मॅडम आता." तिचं जेवण पुन्हा सुटलंय. इथून मला तिचं ताट दिसतं.

विनीत, तुझाच जुना फोन बोलतोय रे. रोज तू विचारतोस, "सब ठीक ना?" आणि सगळं घर एका सुरात हो म्हणतं. त्यात तिचा आवाज नसतो, तुला कळत नाही का? मला हात असते तर तुझे पाय धरले असते. बाबा रे, आता फोन करू नकोस. ये.