दादाचा बंपर

आमच्या दादाला दोनच गोष्टी जीव की प्राण. एक आई आणि दुसरा त्याच्या गाडीचा पुढचा बंपर. हा क्रम मी केवळ आईच्या आदरापोटी लावलाय.

गाडी जुनी, लाल आणि इतकी बुटकी की शेजारचं मांजरसुद्धा तिच्याखालून वाकून जातं. त्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी सूड उगवल्यासारखा उंच स्पीडब्रेकर घातलाय. म्हणून घरात एक पद्धतच पडली. स्पीडब्रेकर आला की दादा ओरडतो, "उतरा!" आम्ही उतरलो की गाडी जरा हलकी होऊन वर उचलली जाते. मी डिकीतून दोन फळ्या काढून चाकांपुढे टाकते. मावशी रस्त्यावर उकिडवी बसून बंपरखाली बघते आणि "ये, ये, ये... थांब मेल्या!" करत त्याला पलीकडे नेते. येणारे-जाणारे खुशाल हसतात. पूर्वी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आता कोडगी झालेय.

यात भरडली गेली ती आई. साठीला टेकल्यावर तिने गाडी शिकून लायसन्स काढलं, पण दादा चावी देईल तर शपथ! "बंपर घासेल गं आई," हे त्याचं पालुपद. इकडे आईने शाळेतल्या मैत्रिणीला फोनवर सांगून टाकलेलं, "तू ये तर खरी, मी स्वतः गाडी चालवत येते तुला घ्यायला." मैत्रीण तीच, जिने आईला साधी सायकल जमली नाही म्हणून जन्मभर चिडवलं.

ती यायची त्या दिवशी आई ठेवणीतले कपडे घालून सकाळपासून तयार. दादा म्हणाला, "मी चालवतो, तू शेजारी बस. शेवटच्या वळणावर जागा बदलू. तिला काय कळतंय?"

आईचा चेहरा एवढासा झाला. मला वाटलं, त्या फळ्या याच्याच डोक्यात घालाव्यात.

मी आणि मावशी मागे बसलो. स्पीडब्रेकर आला. "उतरा!" पण मावशीचा गुडघा धरलेला, तिला खाली बसताच येईना. फळ्या मी टाकल्या, पण बंपर बघायला माझ्या नजरेवर दादाचा काडीचा भरवसा नाही. शेवटी तो स्वतःच उतरला.

"आई, तू स्टिअरिंगवर बस. क्लच हळूहळू सोड, बाकी काही करू नकोस."

दादा रस्त्यावर जवळजवळ लोटांगण घालून बघू लागला. पुढची चाकं चढली, उतरली. मागचीही उतरली. कुठे खर्र नाही की खुर्र नाही.

"वा, आई!" दादाने टाळ्या वाजवल्या. "आता थांब."

आई थांबली नाही. खिडकीतून एक हात बाहेर आला, हलला आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

दादा बगलेत फळी मारून चार पावलं धावला. मावशी हसून हसून रस्त्याकडेच्या कठड्यावर बसली. "अगं, पण परत येताना काय?" दादा म्हणाला. "फळ्या तर इथेच राहिल्या!" तो तिथून हलेचना.

तासाभराने लाल गाडी आली. दोघी मैत्रिणी खिदळत होत्या. दादा फळ्या नाचवत पुढे धावला, पण आईने त्याला पाहीपर्यंत उशीर झाला होता.

खर्रर्र!

गाडी थांबली. आईचं हसू मावळलं. "घासला ना रे?"

दादा वाकला. बंपरवर बोटभर ओरखडा होता. आता आईला चावी परत दिसायची नाही, माझी खात्रीच झाली. दादाने ओरखड्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला आणि तिथेच फतकल मारून हसत सुटला.

"एवढंच? या आवाजाच्या भीतीने मी तुम्हाला इतकी वर्षं रस्त्यावर उतरवत होतो?"

मैत्रिणीने खिडकीतून डोकं काढलं. "काय झालं? मस्त चालवते की ही!"

आईच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. दादाने मागचं दार उघडलं आणि आत बसला.

"चल आई. आणि उद्या मला कामावर सोड. पण मी उतरणार-बितरणार नाही हं, बसूनच येणार."