विझलेल्या नळीची ऊब

इंदिरानगरच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडेतिकडे वॉकर, काठ्या आणि खुब्याच्या दुखण्याने वाकलेली माणसं. यादव महाराज लाल उजेडाची नळी नाचवत सांगत होते, "दवाखान्यातला लेझर कातडीपाशी अडतो. आपला मंत्रसिद्ध आहे, थेट हाडात उतरतो. तेज सोसायचं नाही, डोळे बांधून घ्या."

धोंडाबाईंचे डोळे बांधले, खुब्याला तेल चोळलं. पेठ गावाहून मुलाकडे राहायला आल्यापासून त्या इथे नेमाने येत आणि जाताना रोज घ्यायच्या भस्माच्या पुड्या नेत. सोबत आलेली त्यांची सून उज्वला शाळेत विज्ञान शिकवायची. पण सासूबाई जिना चढायला लागल्या होत्या, म्हणून तीही गप्प होती.

तेवढ्यात वीज गेली. नळी विझली. महाराजांनी ती तशीच फिरवत ठेवली.

"लय ऊब लागती," धोंडाबाई म्हणाल्या. "आत झिरपतंय."

उज्वलाने जाताना मिळालेली पुडी पर्समध्ये टाकली. तिने पुडी प्रयोगशाळेत तपासून घेतली आणि सासूबाईंना हाडांच्या डॉक्टर तेजलकडे नेलं.

"पुडीत स्टिरॉइड आहे," तेजल म्हणाली. "आराम त्याचा. आणि बहुधा त्यानेच खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलाय. हाडाचा गोळा खचलाय. सांधा बदलायला हवा, पण यांच्या हृदयाला ऑपरेशन झेपणार नाही."

पुढच्या बैठकीत उज्वला व्यासपीठावर चढली. "खऱ्या लेझरचीही अशीच चाचणी घेतात, महाराज. कुणाला चालू, कुणाला बंद, रुग्णाला न सांगता."

भरल्या सभेत महाराजांना नाही म्हणता येईना. रुग्णांचे डोळे बांधून, तेल न लावता नळी चालू ठेवली, तेव्हा कुणालाच काही जाणवलं नाही. मग तेल लावून नळी बंद ठेवली, तर सगळेच म्हणाले, ऊब लागतेय. तेलातच मिरचीचा अर्क होता, ऊब त्याची होती. पुडीत काय आहे, तेही तिने सांगितलं.

 मग गर्दीतले एक म्हातारे रुग्ण, शौकतभाई, हळूच म्हणाले, "समजलं, मॅडम. पण उद्या दुखलं तर जायचं कुणाकडे?"

 महिन्याभरात महाराजांनी देवळाली कॅम्पात नवी बैठक मांडली. गर्दी तिकडे वळली.

"मलाबी तिकडंच ने," पुडी बंद झाल्यावर अंथरुणाला खिळलेल्या धोंडाबाई म्हणायच्या. "पुडीनं झोप तरी लागायची."

उज्वला त्यांची कूस बदलून द्यायची. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुखणारा माणूस चमत्काराकडे धावणारच. म्हणून शेजारी बसलेल्याने तरी विचारावं: पोटात काय देताय? यंत्र बंद ठेवून पाहिलंय का? बरं वाटतंय एवढ्यावर गप्प राहू नका. उत्तर मिळेपर्यंत पुडी उघडू नका.