बाभळीचं बूच

"काय रे छगन, झोप लागली का खाली?"

कॅप्टनसाहेबांचे बूट गाडीच्या या बाजूने त्या बाजूला गेले. छगन मिस्त्री पोत्यावर उताणा पडला होता आणि त्याचं बोट इंजिनाखालच्या एका नळीत होतं. बोटाला लाकूड लागत होतं. विलायतेत घडलेल्या मोटारीत बाभळीचं लाकूड कुठून येणार? कुठून आलं ते छगनला ठाऊक होतं. त्यानेच ते ठोकलं होतं.

"बघतोय सायेब," तो म्हणाला.

कोल्हारात छगनचा लौकिक दोन गोष्टींचा. विहिरीवरचं कुठलंही ऑइल इंजिन तो नुसतं कान लावून दुरुस्त करी, ही एक. दुसरी, त्याच्या थापा. प्रवरेच्या पुरात म्हणे एक इंजिन चालू असतानाच वाहून गेलं, तीन दिवस पाण्याखाली धडधडत राहिलं आणि वर काढलं तेव्हा भोवती मासे तळून तयार. "मीठ तेवढं कमी पडलं," असं म्हणून छगन विडी पेटवायचा. लोक त्याला काम सांगायचे आणि वर एखादी थाप मारायला लावायचे. पण त्र्याहत्तरचा तो उन्हाळा. विहिरी आटल्या, इंजिनं मुकी झाली. कॅप्टनसाहेबांचा निरोप आला तसा तो सायकल हाणत मळ्यावर पोचला. ताडपत्री काढली आणि खालची मोटार त्याने लगेच ओळखली. लाल, बुटकी, बिनटपाची, दोन माणसांची मोटार. गावातली पोरं तिला टोळ म्हणायची.

"परवा पुण्याचा एक शौकीन बघायला येणार आहे," साहेब वरून सांगत होते. "चार वर्षं झाकून ठेवली होती. त्या रंगनाथ ड्रायव्हरनं वाट लावली रे. दर आठवड्याला तेल घालावं तर पुन्हा कमी. विकून खायचा लेकाचा. वर बेलभंडारा उचलून खोटी शपथ घेतली, सगळ्या गावासमोर."

छगनने नळीतलं बोट बाहेर काढलं.

इंजिनाची रचना माणसासारखीच. कितीही चांगलं असलं तरी पिस्टनच्या कडेने थोडा धूर खाली पोटात झिरपतोच. तो बाहेर सोडायला एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. इंजिन म्हातारं झालं की ती नळी चुलीसारखी धुपते. सहा वर्षांपूर्वी छगन नगरच्या एका गॅरेजात कामाला होता, तेव्हा ही मोटार तिथे विकायला उभी होती आणि अशीच धुपत होती. उस्ताद म्हणाला, "उद्या गिऱ्हाईक येनार. धूर दिसता कामा नये. बूच मार. गाडी इकली की पयल्या सर्व्हिसिंगला काढून टाकू." छगनने बाभळीचा तुकडा तासला, बायकोच्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ त्याच्यावर गुंडाळला आणि हातोडीने बसवला. कॅप्टनसाहेब आले, भाळले आणि गाडी घेऊन गेले. सर्व्हिसिंगला ती पुन्हा कधी आली नाही. आपोआप उडून पडलं असेल, असं छगनने मनाला सांगितलं. आयुष्यातली ही एकच थाप त्याने स्वतःला मारली होती, आणि तीच काय ती पचली.

नळी बुजली की पोट फुगतं. मग तेल फट सापडेल तिथून बाहेर पडतं. रस्त्याला लागल्यावर सांडतं, तापल्या सायलेन्सरवर जळून जातं, मागे राहतो तो फक्त रिकामा डबा. आणि डबा रिकामा झाला की डोळे ड्रायव्हरकडे वळतात.

त्याने पकड लावली, पिरगाळलं, ओढलं. बूच निघालं. तेल पिऊन काळं ठिक्कर झालं होतं, पण काठाचा हिरवा धागा एका बाजूला दिसत होता.

गाडी सुरू झाली. नळीतून भकभक धूर आला, पण अर्धा तास चालवूनही खाली टिपूस पडला नाही.

"जादूगार आहेस!" साहेब खूश झाले. "धुराचं काय?"

"येऊ द्या. म्हाताऱ्याला वाईच खोकू द्यावं, सायेब."

"बरं, मग होतं काय आत?"

कुंभारीण माशीनं नळीत मातीचं घर केलं हुतं, सायेब. ही थाप जिभेवर तयार होती. इतकी सुबक होती, की छगनला तिचा मोह पडला. पण त्याने मूठ उघडली.

"ह्ये हुतं. मीच ठोकलं हुतं, नगरला. रंगनाथनं थेंबभर तेल न्हाई चोरलं."

साहेबांनी बूच बघितलं. बराच वेळ बघितलं. मग रुमालाने बोनेटवरचा नसलेला डाग पुसला.

"छगन," ते म्हणाले, "तुझी ती माशांची गोष्ट बरी होती. ही कुणाला सांगू नकोस. तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

आणि ते हसले. ते हसू छगनला ओळखीचं होतं. थाप ऐकून घेणारा नव्हे, थाप मारणारा तसं हसतो.

दुष्काळी कामाची खडी दीड कोसावर फुटत होती. सायकल उन्हात टेकवून छगन रांगेत शिरला. रंगनाथच्या डोक्यावर अजून ड्रायव्हरची खाकी टोपी होती. मांडीखाली पोतं, हातात हातोडा.

"मिस्त्री आलं!" कुणी ओरडलं. "मिस्त्री, मासं तळा!"

छगनने उभ्यानेच सगळं सांगितलं. नगर, उस्ताद, हिरवा काठ. लोक पोट धरधरून हसले. "लाकडानं तेल पिलं म्हनं! आरं, ह्ये माशांच्या वरताण हाय!"

रंगनाथ हसला नाही. त्याने बूच घेतलं, नखाने धागा खरवडला, वास घेतला.

"माज्या गाडीचं तेल हाय," तो म्हणाला.

हसू रांगेच्या एका टोकाकडून विझत गेलं.

"माज्या बायकूनं, लंकानं सुदिक इचारलं मला. खरं सांगा, डबं कुठं इकलं? बेलभंडारा उचलून आल्तो, तरी इचारलं. मरताना बी तिला वाटत हुतं, मी पैसं कुठंतरी पुरून ठेवल्यात."

"मार मला, रंगनाथभाऊ."

"हातात हातोडा हाय, छगन. उगं तसलं बोलू नगं."

तेवढ्यात पाण्याच्या गाड्यापाशी पाणी वाटणाऱ्या छबूबाईने आरडाओरडा केला. लोखंडी पिंपाचं बूच फुटलं होतं आणि ती भोकाला तळहात लावून उभी होती. बोटांमधून पाणी मातीत चाललं होतं. "आरं या की कुनीतरी! मुकादम मला गाडंल हितंच!"

रंगनाथ उठला. त्याने भोक बघितलं, हातातलं बूच बघितलं आणि हातोड्याचे दोन घाव घातले. पाणी थांबलं.

"आरं, तेलकट हाय ते," छबूबाई म्हणाली. "पान्याला वास येईल."

"येऊ दे," रंगनाथ म्हणाला. "समद्यांनी वाईच वाईच घ्या."

छबूबाईने वरून डोलची बुडवून पेला भरला. कुणी पुढे होईना. रंगनाथने तो घेतला आणि छगनच्या हातात दिला. पाण्यावर तेलाचा बारीक तवंग उन्हात रंग बदलत होता. छगनने डोळे मिटले आणि तळापर्यंत प्याला. मग पेला पुढच्याकडे गेला, त्याच्याकडून त्याच्या पुढच्याकडे. चार वर्षं ज्यांनी ज्यांनी रंगनाथला तेलचोर म्हटलं होतं, ते सगळे एकेक करून प्याले. कुणी तोंड वाकडं केलं नाही.

रंगनाथने टोपी काढून झटकली, पुन्हा सरळ बसवली, आणि पोत्यावर बसून पुढचा दगड ओढला.