लाल पट्टी कुठल्या हाताला

मित्रांनो, मी बोगदा खणणाऱ्या एका अवजड यंत्राचा जुना नमुना आहे. खरं यंत्र रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरेल एवढं लांब. मी जेमतेम जेवणाच्या टेबलाएवढा. आजवर मी चिमूटभर मातीसुद्धा उकरलेली नाही. तरीही एका दुपारी दोन माणसांचे जीव माझ्यापायी टांगणीला लागले होते. तेव्हापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही.

मला आप्पांनी घडवलं. आप्पा निवृत्त फिटर. चौदा महिने त्यांनी घरातलं टेबल अडवून ठेवलं आणि बाकीचे लोक ताटं मांडीवर घेऊन जेवत राहिले. माझ्या तोंडावर खडक फोडणाऱ्या एक्केचाळीस चकत्या आहेत आणि त्यातली प्रत्येक बोटाने फिरते. कामगार ज्या मागच्या झडपेतून आत शिरतात, ती नखाने उघडते. आप्पांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या घरात दोन नमुने आहेत. एक टेबलावर आणि एक टेबलाशी." आप्पा हसायचे आणि पुन्हा भिंग डोळ्याला लावायचे.

पुढे आप्पांच्या मुलीने मला बोगद्याच्या साइटवर नेलं. ती तिथे कामगारांना शिकवते. वयाने मोठे असलेलेही तिला ताईच म्हणतात. तिने मला प्रशिक्षणाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलं. खऱ्या यंत्राची चकती झिजली की ते थांबवतात आणि ती बदलायला तोंडामागच्या अरुंद खोलीत दोघे जण शिरतात. समोर उघडा खडक असतो. ते मागून जातात, म्हणून शिकायचंही मागून, असा ताईचा नियम होता. ज्या बाजूचा खडक कच्चा असेल, त्या बाजूला माझ्या कडेवर लाल पट्टी चिकटवायची. आत जाणारी जोडी माझ्या झडपेतून बोटं घालून, लाल पट्टीपासून लांब कसं सरकायचं, हे दहा-दहा वेळा करून बघायची. मगच खाली जायची.

मला मात्र मनातून वाईट वाटायचं. एवढं देखणं तोंड, आणि ते बघायला नुसती भिंत. लोकांना दिसायची ती माझी पाठ, नळ्या आणि वायरींनी भरलेली. पुसायचे तेही पाठच. तोंडावरची धूळ तशीच राहायची.

एकदा मोठे पाहुणे येणार होते. कचेरीतल्या साहेबांनी चौघांना बोलावून मला उचलून फिरवलं आणि माझी पाठ भिंतीला टेकवली. पाहुण्यांनी वाहवा केली, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले. खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेलो. पाहुणे गेले, चहाचे कप उचलले गेले, आणि मला परत फिरवायचं राहून गेलं.

लाल पट्टी आदल्या दिवसापासून लागलेली होती, मागून बघणाऱ्याच्या उजव्या हाताला. मी फिरलो, तशी ती समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला आली. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. आत जायची पाळी एका नव्या फिटरची होती. अंगाने बारीक, म्हणून सगळे त्याला काडी म्हणत. त्याला दोन मुली होत्या आणि त्यांचा फोटो तो टोपीच्या आत ठेवायचा. ताई नव्हती, म्हणून साहेबांनीच घाईघाईने शिकवायला घेतलं. झडप भिंतीकडे गेलेली, तेव्हा त्यांनी चकत्यांमधल्या फटीतून बोटं घालायला सांगितलं. काडीने डोळे मिटून दहादा पाठ केलं: लाल डावीकडे, आपण उजवीकडे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उलट, अरे उलट, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो. पण मला आप्पांनी चकत्या दिल्या, नळ्या दिल्या, आवाज दिला नव्हता. काडीने टोपी घातली आणि तो आपल्या जोडीदाराबरोबर गेला. मी घड्याळाकडे बघत राहिलो.

दुपारी ताई आली. दारातच थबकली. सकाळी हा असाच होता का, एवढंच तिने साहेबांना विचारलं. साहेब पाहुण्यांचं सांगू लागले, तोवर तिने फोन उचलला होता. आतल्या खोलीत हवेचा दाब भरलेला असतो. तो हळूहळू उतरवल्याशिवाय तिथून बाहेर येता येत नाही. आतल्यांशी बोलायला तेवढा फोनच.

"काडीदादा, कुठे उभे आहात?"

"उजव्या हाताला, ताई. लालपासून लांब."

"लाल उजवीकडेच आहे. दोघंही डावीकडे सरका. हत्यारं राहू द्या तिथेच."

फोनमधून नुसती हवेची सळसळ येत राहिली. ताईचा हात माझ्या कडेवर होता. मग सरकलो, असं काडी म्हणाला. साहेबांनी सुस्कारा सोडला. ताईने फोन खाली ठेवला नाही. थोड्या वेळाने फोनमध्ये काहीतरी धाडकन कोसळलं आणि पुढे कोणाचाच आवाज येईना. ताई हाका मारत होती. माझ्या एक्केचाळीस चकत्यांचा मला तेव्हा तिटकारा आला.

"ताई," काडीचा आवाज आला, "माझा पाना दगडाखाली गेला."

दोन तासांनी दोघे बाहेर आले. काडी हातपाय न धुता थेट या खोलीत आला आणि त्याने माझा एक कोपरा धरला. दुसरा त्याच्या जोडीदाराने, तिसरा ताईने. चौथा साहेबांनी धरला. त्यांनी मला भिंतीकडे फिरवून ठेवलं.

मित्रांनो, आजही खोलीत कोणी पाहुणा शिरला की माझी धडधड वाढते. हा मला फिरवायला तर सांगणार नाही? तुम्ही कधी आलात तर माझी पाठ बघा, झडपेतून बोट घाला, नळ्यांवरची धूळ पुसा. तोंड मात्र भिंतीकडेच राहू द्या. आत जाणारी माणसं घरी परत यायची आहेत.