डिकीला लागलेली नजर

विद्यानगरच्या त्या तीन मजली घराखाली रविवारी सकाळी एवढी गर्दी जमली होती, की दूधवाल्याला सायकल फाटकाबाहेरच लावावी लागली. मधोमध प्रतापरावांची नवी पांढरी गाडी, गाडीमागे पाटावर नारळ आणि लिंबं, आणि पाटापाशी उतारेवाले अंबाजी महाराज. गाडीच्या डिकीने आठ दिवसांपासून संप पुकारला होता. नंबरपाटीच्या वरचं बटण कितीही दाबा, ती हू की चू करत नव्हती.

“चावी लाओ,” महाराज म्हणाले. “और ये चमडे का कवर निकालो पहले. चामड्यात माता बोलत नाही.”

प्रतापरावांनी कव्हर काढून चावी दिली. महाराजांनी ती लाल फडक्यात गुंडाळून मुठीत धरली आणि डोळे मिटले. “कळ फट, मळ फट, जळणाऱ्याची जळ फट!” मूठ आवळली गेली. गाडीचे दिवे मिचमिचले, टक् असा आवाज झाला आणि डिकी बोटभर वर आली. बायांनी हात जोडले, दूधवाल्यानेसुद्धा जोडले.

“नजर बाहरवाले की नक्को समझो,” महाराज गंभीरपणे म्हणाले. “घरचीच आहे. नाव भ अक्षराचं. त्या बाईचा हात तुमच्या मुलीच्या हळदीला लागला, तर लग्न बिघडलंच म्हणून समजा.”

सगळ्या माना जिन्याकडे वळल्या. जिन्यात प्रतापरावांची धाकटी भावजय भामा उभी होती.

भामाने नाही म्हटलं नाही. कसं म्हणणार? त्या जूनमध्ये राज्याची वाटणी होऊन शहर नव्या राज्यात आलं होतं. नव्या राज्याची अक्षरं पाटीवर यावीत म्हणून प्रतापरावांनी तीन महिने थांबून गाडी घेतली. हिमायतनगरचं कापडदुकान जोरात होतं, त्यांना थांबणं परवडत होतं. भामाचा नवरा हिम्मतराव सरकारी कचेरीत. तिथे कोण कुठल्या राज्यात जाणार याच्या याद्या निघत होत्या, आणि त्याची बढती त्या याद्यांखाली दबली होती. गाडी आली त्या दिवशी भामा गॅलरीतून बघत होती. ‘बंद पडो मेली,’ असं ती मनात म्हणाली होती, अगदी याच शब्दांत. आणि नेमकी डिकी बंद पडली.

पुतणीची हळद दहा दिवसांवर होती. जाऊबाई सावित्रीबाई दुकानात बसायच्या, म्हणून त्या पोरीच्या वेण्या भामाने घातल्या, तापात उशाला भामा बसली. आता त्याच पोरीच्या गालाला हळद लावायची नाही.

ती तळमजल्यावर मनकर्णाताईंकडे गेली आणि स्वयंपाकघरात बसून रडली. मनकर्णाताई जामबागच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळत.

“माझीच नजर, ताई. मी जळले होते.”

“जळलीस, बरं. पण जळण्याने यंत्रं बंद पडत असती, तर आमच्या कॉलेजात पंखासुद्धा फिरला नसता. तिथे सगळेच एकमेकांवर जळतात.” मनकर्णाताईंनी तिच्यापुढे चहा सरकवला. “मी खिडकीतून बघत होते. मला एक सांग, त्याने चावीचं कव्हर कशाला काढायला लावलं?”

भामाचं रडणं थांबलं.

महाराज वर सावित्रीबाईंकडे जेवत होते. दोघी गेल्या आणि सगळ्यांना खाली घेऊन आल्या. मनकर्णाताईंनी डिकी पुन्हा बंद केली, चावी मागितली आणि भामाच्या कानात काहीतरी सांगितलं. भामाने चावी पदरात गुंडाळली, डोळे मिटले आणि मंत्र म्हटला.

“तूरडाळ अर्धा किलो, चिंच पाव, गोंगुऱ्याच्या भाजीच्या दोन जुड्या.”

दिवे मिचमिचले. टक्. डिकी वर आली.

“चावीवर तिसरं बटण आहे, प्रतापराव,” मनकर्णाताई म्हणाल्या. “दाबून धरलं की डिकी उघडते. तुमच्या कव्हराखाली ते झाकलं गेलं होतं. तुम्हाला माहीत नव्हतं, यांना माहीत होतं.”

महाराजांना एकाएकी नामपल्लीचं काम आठवलं. ते हात धुवायलाही थांबले नाहीत.

“मग बाहेरचं बटण का चालत नाही?” प्रतापरावांनी विचारलं.

मनकर्णाताईंनी डिकी पूर्ण उघडली, चमच्याच्या दांड्याने आतलं अस्तर उचकटलं, दोन बोल्ट सोडवले आणि बटण बाहेर काढलं. त्याचं रबर एका बाजूला फाटलं होतं. आत पिवळट चिकट राप बसला होता, आणि त्यात मुंग्या.

“हे काय?”

सावित्रीबाई वास घेऊन पांढऱ्या पडल्या. “पंचामृत. नव्या पाटीची पूजा करते मी दर शुक्रवारी. वरून धार सोडते.”

“ती धार पाटीवर यायच्या आधी बटणात मुरत होती. मध-साखर सुकली, बटण आतल्या आत चिकटलं. नजर लागली ती मुंग्यांची.”

मनकर्णाताईंनी स्पिरिट आणि जुन्या ब्रशने बटण धुतलं, वाळवलं, रबराच्या चिरेवर सायकलचं पंक्चर काढायचं सोल्यूशन लावलं आणि तासाभराने सगळं जागच्या जागी बसवलं. प्रतापरावांनी बटण दाबलं. डिकी उघडली. या वेळी हात कुणी जोडले नाहीत.

“पण त्याला भ अक्षर कसं कळलं?” भामाने विचारलं.

सावित्रीबाई म्हणाल्या, “त्याने आधी येऊन विचारलं होतं, संशय कुणावर आहे. नाव मीच सांगितलं.”

“आक्का, मी जळले होते ते खोटं नाही. गाडी बघून आजही जळते.”

“मीपण जळते,” सावित्रीबाई खाली बघत म्हणाल्या. “पोरगी माझी, आणि ठेच लागली की हाक मारते काकूला.”

त्या दोघींचा मत्सर मुंग्यांपेक्षा चिवट होता, तो स्पिरिटने गेला असं मी सांगणार नाही. पण मत्सर माणसं तोडतो, यंत्रं नाही, एवढं त्या दिवशी साऱ्या गल्लीने डोळ्यांनी पाहिलं. तुमच्याही घरात काही बंद पडलं, तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी त्या वस्तूचं झाकण उघडून पाहा.

दहाव्या दिवशी सावित्रीबाईंनी हळदीची वाटी आणली आणि स्वतः बोट न बुडवता ती भामापुढे धरली.

“आधी तू,” त्या म्हणाल्या.