चेट पिलार्स्कीचं मत

मार्चमध्ये हॅमर्स संघानं ट्रे मॅबरीला सोडलं, आणि त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी चेट पिलार्स्कीनं पोलिश क्लबात एका माणसाचं नाक फोडलं.

तसा चेट गुंड नव्हता. साठी उलटलेली, रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातून निवृत्ती घेतलेली, रविवारचं चर्च कधी चुकवलेलं नाही. पण ईरी गावात हॅमर्सचा अमेरिकन फुटबॉल हा कुळाचार होता, आणि कुळाचारावर कुणी थुंकलं की चेटचा हात आधी उठायचा, अक्कल मागून यायची. मॅबरी हा हॅमर्सचा मधला लाइनबॅकर. चेंडू घेऊन अंगावर धावून येणाऱ्याला छातीवर घ्यायचा आणि जमिनीत गाडायचा, हे त्याचं काम. मोसम संपला, करार संपला, मालकांनी हात आखडता घेतला. टोलेडोवाल्यांनी त्याला अलगद उचलून नेलं. टोलेडो म्हणजे हाडवैरी.

ईस्टरआधीचा, मटण वर्ज्य असलेला उपासाचा शुक्रवार होता, क्लबात तळलेल्या माशाचा घमघमाट सुटला होता. टोलेडोची टोपी घातलेला एक ट्रकवाला आपल्या जोडीदाराबरोबर काउंटरला टेकून बसला होता. चेट मॅबरीवरून मोठ्यानं हळहळतोय हे ऐकून तो वळला.

"काका, रडता कशाला? म्हातारा घोडा होता तुमचा. आम्ही कीव येऊन ठेवून घेतला."

"उठ," चेट म्हणाला.

"का?"

"बसलेल्याला मारत नाही मी."

ट्रकवाला हसत हसत उठला. ते हसू पुरं व्हायच्या आत चेटची मूठ त्याच्या नाकावर बसली. हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या टेबलापर्यंत गेला. रक्त माशाच्या ताटात पडलं. जोडीदार बाटली घेऊन पुढे आला, पण डॉम फेराटोनं त्याला गळ्याला धरून भिंतीला चिकटवलं आणि शांतपणे म्हणाला, "बाटली खाली. शाबास. आता मित्राला उचल आणि सूट."

डॉम प्लंबर होता. चेटच्याच गल्लीत वाढलेला. शाळेपासून दोघांनी कितीतरी मारामाऱ्या पाठीला पाठ लावून केल्या होत्या. त्या दिवशी घराकडे चालताना चेट सुजलेल्या बोटांवर फुंकर घालत मालकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. डॉम मध्येच थांबला.

"मॅबरी गेला तर जाऊ दे, लेका. ती जागा कुणासाठी रिकामी झाली, कळतंय का तुला?"

चेटला कळत होतं. त्यानं पुन्हा बोटांवर फुंकर घातली.

डॉमचा मुलगा विन्स कॉलेजात मधला लाइनबॅकरच होता. एप्रिलअखेरच्या ड्राफ्टमध्ये सगळे संघ पाळीपाळीनं कॉलेजातली पोरं उचलतात. विन्स चौथ्या-पाचव्या फेरीत जाईल असं जाणकार म्हणत होते. गावचा पोरगा, गावचा संघ आणि नेमकी तीच जागा रिकामी. पूर्व भागातल्या दुकानांच्या काचांवर त्याचे फोटो लागले होते. न्हाव्यानं तर त्याच्याकडून पैसे घेणंच बंद केलं होतं.

पण चेटनं एक गोष्ट पाहिली होती. नाताळात, डॉमच्या स्वयंपाकघरात. विन्सनं कॉफीचा मग त्याच्यापुढे धरला आणि तो हातातून निसटला. पोराचा उजवा हात खांद्यापासून ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. चेहरा पांढराफटक. मोसमातल्या शेवटच्या सामन्यात मानेला दणका बसल्यापासून असं अधूनमधून होत होतं. डॉमनं पायानं दार लोटलं.

"विश्रांतीनं भरून येईल. पण हे या चार भिंतींबाहेर जायचं नाही. शपथ घे."

"आईची शपथ," चेट म्हणाला होता.

ती शपथ त्यानं एप्रिलच्या मध्यापर्यंत पाळली. स्थानिक रेडिओवर हॅमर्सवर चर्चेचा कार्यक्रम लागायचा. चेट दर आठवड्याला फोन लावायचा, आणि निवेदक बझ त्याला हमखास घ्यायचा, कारण चेट बोलायला लागला की ऐकणारे वाढायचे. त्या बुधवारीही तो मालकांवर तुटून पडला. मॅबरीला सोडणं हा गाढवपणा, ज्या म्हाताऱ्या बचावपटूला आणलं त्याचे गुडघे गेलेले, आणि पहिल्या फेरीत पुन्हा चेंडू फेकणारा घ्याल तर स्टेडियम जाळू. बझ खूश होता.

"मग मधल्या जागेवर कोण, चेट? विन्स फेराटो ना?"

"बघू. बरेच आहेत."

"बरेच? अरे, तुमच्या गल्लीतला पोरगा! अख्खं गाव बोंबलतंय आणि चेट पिलार्स्कीचं मतच नाही? बायकोनं तोंड शिवलं की काय?"

लोरेन, त्याची बायको, समोरच बटाटे सोलत होती. तिनं मान हलवून 'नको' अशी खूण केली. पण मत नाही, हा शब्द चेटला शिवीसारखा लागला.

"मत आहे," तो म्हणाला. "हॅमर्सनी त्याला घेऊ नये. पोरगा वाघ आहे, पण मान गेलीय त्याची. हात मरतो मध्येच. मॅबरीच्या जागेवर अर्ध्या हाताचा माणूस उभा करणार का तुम्ही?"

 पलीकडून बझ म्हणाला, "हे तुला कसं ठाऊक?"

चेटनं फोन ठेवून दिला. लोरेन सुरी खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. "काय केलंस हे?" ती म्हणाली. 

डॉमचा फोन आला नाही. दोन दिवसांनी रस्त्यात भेटला, तेव्हा ट्रकची काच खाली करून एवढंच म्हणाला, "पुढच्या शनिवारी दुपारी ड्राफ्ट बघायला ये. नेहमीसारखा." आवाजात राग नव्हता. चेटला वाटलं, निभावलं. लोरेन म्हणाली, "जाऊ नकोस." तो म्हणाला, "न जाऊन कसं चालेल?"

त्या शनिवारी तो पेपरोनी भरलेल्या पावगोळ्यांचा डबा घेऊन गेला. डॉमच्या बैठकीत पाहुणे दाटीवाटीनं बसले होते. दारात कुणी त्याच्याशी बोललं नाही, पण बसायला जागा दिली. विन्स टीव्हीसमोर फोन मांडीवर ठेवून बसला होता. त्यानं चेटकडे बघून नुसती मान हलवली.

चौथी फेरी आली. हॅमर्सनी लाइनबॅकरच घेतला, पण टेक्सासचा कुणी पोरगा. विन्सची मावशी रडायला लागली. पाचवी गेली, सहावी गेली. माणसं एकेक करून कोट घालू लागली, विन्सच्या पाठीवर थोपटून निघू लागली. सातव्या फेरीचं शेवटचं नाव पुकारलं गेलं तेव्हा खोलीत घरचीच माणसं आणि चेट उरला होता. विन्स उठून वर गेला. डॉमनं टीव्ही बंद केला.

"गॅरेजमध्ये चल."

चेट गेला. डॉमनं मागं दार ओढून घेतलं आणि कडी लावली.

"डॉम, मला माहीत आहे मी..."

पहिला ठोसा पोटात बसला. चेट वाकला, तसा गुडघा तोंडावर आला. दात ओठातून आरपार गेला. तो नळांच्या ढिगावर पडला आणि लोखंड खणखणत त्याच्या अंगावर कोसळलं. डॉमनं त्याला कॉलरला धरून उभं केलं.

"आईची शपथ घेतली होतीस. कुठल्या आईची? तुझ्या, की माझ्या?"

चेटनं हात वर केले नाहीत. त्याला वाटत होतं, हा मार आपला आहे, घेऊन टाकू. चार-पाच ठोसे त्यानं तसेच घेतले. डोळ्यावर बसला, बरगड्यांवर बसला. पण शरीराला पश्चात्ताप कळत नाही. डॉमचा अंगठा त्याच्या डोळ्यात रुतायला लागला तेव्हा त्यानं कपाळ मागे नेलं आणि होतं नव्हतं ते बळ लावून डॉमच्या तोंडावर आदळलं. डॉमचं नाक चेपलं. दोघं एकमेकांना कवटाळून जमिनीवर आले. तेलाच्या डागांवर दोन म्हातारे लोळत होते, चावत होते, बोचकारत होते. चेटच्या दातांत डॉमचा कान आला. डॉम किंचाळला आणि त्यानं हाताला लागला तो नळाचा तुकडा उचलून चेटच्या गुडघ्यावर घातला. तो घाव चेटला आधी ऐकू आला, मग जाणवला. डॉम छातीवर बसला आणि जबड्यावर मारत राहिला. एका ठोशाला जबडा कडेला सरकला आणि तिथेच राहिला.

बाहेरून दारावर धक्के बसत होते. तिसऱ्या की चौथ्या धक्क्याला कडी उखडली. विन्स आत आला आणि त्यानं बापाला मागून मिठी घातली.

"पपा, सोड! मरेल तो!"

"मरू दे!"

डॉमनं सुटायला जोरात डोकं मागे झटकलं. ते विन्सच्या हनुवटीवर आदळलं. पोराची मान मागे फेकली गेली. त्याची मिठी सुटली. तो गुडघ्यांवर बसला, आणि उजवा हात खांद्यापासून खाली लोंबत राहिला. त्यानं डाव्या हातानं तो उचलून मांडीवर ठेवला. आवाज न करता, दात आवळून.

डॉम वळून बघत राहिला. मूठ वरच होती.

"हात होईल ठीक," विन्स म्हणाला. "होतो थोड्या वेळानं."

"आज उगीच ताणलास म्हणून..."

"पपा, त्यांना माहीत होतं." विन्सच्या कपाळावर घाम डवरला होता. "फेब्रुवारीत सगळ्या संघांनी तपासणी केली ना, तेव्हाच. फोटो काढले मानेचे. हॅमर्सच्या डॉक्टरनं सांगितलं, सगळ्यांच्याच डॉक्टरांनी सांगितलं. कुणी घेणार नव्हतं मला. चेटकाका बोलले, नसते बोलले, काही फरक नव्हता."

 चेटला वाटलं, संपलं. डॉम उठला, भिंतीला धरून उभा राहिला, नाकातलं रक्त बाहीला पुसलं. मग त्यानं खाली वाकून चेटच्या तोंडावर आणखी एक ठोसा हाणला. आधीच्या सगळ्यांपेक्षा नेमका.

"हा बोललास त्याचा," तो म्हणाला, आणि मुलाला दंडाला धरून घरात घेऊन गेला.

इस्पितळात जबडा तारांनी बांधला. डोळा वाचला, गुडघा पुरता वाचला नाही. पोलीस आला तेव्हा चेटनं कागदावर लिहिलं, 'शिडीवरून पडलो.' पोलीसही पूर्व भागातलाच. त्यानं डॉमचं नाक आधीच पाहिलं होतं. "दोघंही एकाच शिडीवरून?" त्यानं विचारलं, आणि निघून गेला.

बोलता येत नव्हतं. सूप, दूध आणि दह्याचं पातळ काहीतरी, एवढंच पोटात जायचं. रेडिओ लागला की चेट उठून बंद करायचा. लोरेन त्याला कांजीसारखं सूप भरवायची आणि अधूनमधून म्हणायची, "तरी सांगत होते." मग स्वतःच डोळे पुसायची.

जूनमध्ये एका दुपारी विन्स आला. गळ्याभोवती पट्टा होता, मानेची शस्त्रक्रिया झाली होती. चेटनं त्याला बघून पाटी आणि खडू ओढला, पण लिहायचं काय ते सुचेना. 'माफ कर,' एवढंच लिहिलं.

विन्सनं ते वाचलं. खुर्ची ओढून समोर बसला.

"तुमच्यामुळे काही झालं नाही, काका. तुम्हाला वाटत असेल, तर तसं वाटून घेऊ नका. हॅमर्स तुमचं ऐकत असते तर मॅबरी गेला असता का?"

चेटला हसू आलं, पण तारा ओढल्या गेल्या आणि डोळ्यांत पाणी आलं.

"पण मान कायमची गेलीय, खेळ संपला, हे पपांना मी सांगणार होतो," विन्स पुढे म्हणाला. "ड्राफ्ट झाला की त्याच संध्याकाळी. माझ्या तोंडानं. तळ्यावर नेणार होतो त्यांना, गळ टाकून बसायचं आणि सांगायचं, असं ठरवलं होतं मी. फेब्रुवारीपासून रोज मनात घोकत होतो. तुम्ही ते बुधवारीच उरकून टाकलंत. रेडिओवर."

चेटनं खडू उचलला आणि परत ठेवला. 

लोरेननं लिंबू सरबत आणलं. विन्सनं पेला उजव्या हातात घेतला, घट्ट धरून सावकाश प्यायला. चेट त्या बोटांकडे बघत होता, आणि विन्सला ते कळत होतं. त्यानं पेला रिकामा करून खाली ठेवला.

बाहेर हॉर्न वाजला. "पपा आलेत," विन्स म्हणाला. "त्यांच्याबरोबर काम शिकतोय. नळाचं."

चेट कुबडीवर जोर देऊन उठला. विन्स नको म्हणत असताना दारापर्यंत गेला. फेराटोंचा ट्रक रस्त्यात उभा होता, इंजिन चालूच. डॉमच्या कानाची पाळी वेडीवाकडी जुळली होती. तो सरळ समोर रस्त्याकडे बघत होता. चेटनं कुबडी काखेत धरून हात वर केला. डॉमनं बघितलं नाही.

विन्स ट्रकमध्ये चढला. निघताना त्यानं काच खाली केली आणि ओरडला, "काका, तो टेक्सासवाला कसा वाटतोय?"

चेटनं तोंड उघडायचा प्रयत्न केला. तारांमधून नुसता हुंकार निघाला. ट्रक वळणावरून दिसेनासा झाला, तरी तो बराच वेळ दारात उभा होता. शेवटी लोरेन आली आणि त्याला धरून आत घेऊन गेली.